सॉफ्टवेअर इकोसिस्टीमची आखणी: गाभा, करार, कडा आणि प्रत्येकासाठी वेगळी बेतलेली कामाची पद्धत

तुमच्या सॉफ्टवेअरवर दुसऱ्या कुणाचं काम अवलंबून राहायला लागलं, की तुमच्याभोवती इकोसिस्टीम तयार झालेली असते. ती तुम्ही आखलेली असो वा नसो. तालुक्याच्या गावातल्या डीलरने तुमच्या डेटाबेसमधून थेट आकडे उचलणारी एक्सेल फाइल बनवली, एखाद्या अकाउंटंटने तुमच्या रिपोर्टच्या सातव्या रकान्यावर आपला टॅलीचा इम्पोर्ट बसवला, की झालं. पुढच्या आवृत्तीत तो रकाना आठवा झाला तर तुमच्याकडे सगळ्या चाचण्या हिरव्या दिसतील आणि तिकडे महिनाअखेरीचा हिशोब अडेल.

हा लेख अशा टीमसाठी आहे ज्यांचं उत्पादन चालतं आहे, ज्यांच्याभोवती डीलर, जोडणीदार, प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लिहिणारे जमायला लागले आहेत, आणि ज्यांना आता हे सगळं नीट मांडायचं आहे. माझं म्हणणं एकच आहे: बदलाची किंमत कोण मोजणार, यावरून त्या बदलासाठी किती कडक पद्धत हवी ते ठरवा. चूक झाली तर तुम्हीच दुपारपर्यंत दुरुस्त करू शकता, अशा कामाला हलकी पद्धत पुरते. चूक झाल्यावर दुसऱ्या पन्नास जणांना आपापला कोड उघडावा लागणार असेल, तिथे पद्धत जडच हवी. 'आमच्या कंपनीत स्क्रम चालतं' (स्क्रम म्हणजे ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत) असं सरसकट ठरवणाऱ्या टीम इथेच अडकतात, कारण एकाच उत्पादनात दोन्ही प्रकारचे बदल रोज होत असतात.

उदाहरणासाठी दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर घेऊ. समजा, आठ-दहा जणांची टीम आहे. केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावर वजन होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतं, दरपत्रकातून दर निघतो आणि दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल होतं. आजूबाजूला वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन्स, दूध संघाला जाणारी फाइल, बँकेत जमा होणारे पैसे, पशुखाद्याची उधारी आणि उत्पादकाच्या मोबाइलवर जाणारा मेसेज. यातली निम्मी कामं तुमची टीम करत नाही, इतर लोक करतात.

पायरी १: तुमच्यावर कोण टेकलं आहे, त्याची यादी करा

एक शीट उघडा आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकाची एक ओळ लिहा. चार रकाने पुरतात: तो नेमकं काय वापरतो, बदलाची बातमी त्याला कशी कळते, बदल सामावून घ्यायला त्याला किती दिवस लागतात, आणि कोणत्या दिवसांत त्याच्या कामाला धक्का लागता कामा नये. चौथा रकाना बहुतेक जण विसरतात. दूध केंद्रावर बिलाच्या दिवशी नवी आवृत्ती सोडणं म्हणजे गावभर रांग लावणं, हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण ते लिहिलेलं कुठेच नसतं.

ही यादी आठवून लिहू नका. एपीआयचे (दुसऱ्या प्रोग्रॅमना तुमच्याशी बोलण्यासाठी ठेवलेल्या दाराचे) लॉग, डेटाबेसमध्ये काढून दिलेली यूजर खाती, सपोर्टला आलेले फोन यांतून ती उकरून काढा. डीलरला 'आमचा एपीआय वापरता का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येईल. 'आमच्या सॉफ्टवेअरमधले आकडे कुठे कुठे नेता आणि कसे नेता?' असं विचारा. मग कळतं की कुणी प्रिंटरला जाणारी टेक्स्ट फाइल वाचतो आहे.

गूगलमध्ये काम करताना हायरम राइट यांनी मांडलेलं एक निरीक्षण त्यांच्याच नावाने ओळखलं जातं: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही वचन काय दिलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही, बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. यादी सभासद क्रमांकानुसार येईल असं तुम्ही कधीच म्हटलं नव्हतं, पण ती वर्षानुवर्षं तशीच येत होती. मेसेज पाठवणाऱ्याने त्या क्रमावरच सगळा डोलारा उभा केला. अशा अलिखित सवयी दिसल्या की त्या यादीत वेगळ्या रंगाने नोंदवा. पुढे तिसऱ्या पायरीत त्यांचा निकाल लावायचा आहे.

पायरी २: गाभा, करार आणि कडा वेगळ्या काढा

आता उत्पादनाचे तीन भाग करा. गाभा म्हणजे तुमचा स्वतःचा आतला कोड. करार म्हणजे बाहेरच्यांना दिलेली वचनं: एपीआय, फाइलचे नमुने, घटनांच्या सूचना. कडा म्हणजे करारावर उभी राहणारी कामं, मग ती तुम्ही लिहिलेली असोत किंवा इतरांनी.

सीमा कुठे आखायची, यासाठी फायरफॉक्सचा अनुभव नीट समजून घ्यावा असा आहे. त्याची जुन्या प्रकारची एक्स्टेन्शन्स ब्राउझरच्या आतल्या जवळजवळ कशालाही हात लावू शकत. त्यामुळे लोकांनी अफाट गोष्टी बनवल्या आणि फायरफॉक्सची लोकप्रियता वाढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण ब्राउझर अनेक प्रोसेसमध्ये विभागायची वेळ आली तेव्हा आतला कुठलाही तुकडा हलवला की काहीतरी तुटू लागलं, कारण सगळा गाभा हाच करार होऊन बसला होता. मोझिलाने ऑगस्ट २०१५ मध्ये जुनी पद्धत बंद करण्याचं जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०१७ मधल्या फायरफॉक्स ५७ पासून फक्त वेबएक्स्टेन्शन्स, म्हणजे ठरवून दिलेल्या एपीआयपुरतीच चालणारी एक्स्टेन्शन्स, उरली. दोन वर्षांहून जास्त मुदत मिळूनही कितीतरी लाडकी एक्स्टेन्शन्स कायमची गेली, कारण ती जे करत होती ते नव्या करारात शक्यच नव्हतं. मोझिलाचा तो निर्णय मला बरोबर वाटतो. पण तो इतका वेदनादायक झाला याचं कारण सुरुवातीला सीमाच आखली नव्हती. म्हणून नियम असा ठेवा: सुरुवातीला कमीत कमी उघडा. बंद दार नंतर उघडता येतं, उघडलेलं बंद करताना लोकांची कामं मोडतात.

दुसरी कसोटी वेळापत्रकाची. प्रत्येक तुकड्याबद्दल विचारा: हा कुणाच्या वेळापत्रकाने बदलतो? मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्ट या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे (ईआरपीकडे) या नजरेने पाहा. ते फ्रॅपे फ्रेमवर्कवर उभं आहे. तिथे स्वतंत्र अ‍ॅप बसवता येतं आणि कोणत्या घटनेला आपलं काय चालवायचं हे ते अ‍ॅप हुक्सच्या फाइलमध्ये सांगतं, मूळ कोडला हात न लावता. २०२२ मधल्या चौदाव्या आवृत्तीत मनुष्यबळ आणि पगाराचा भाग वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला आणि भारतातल्या जीएसटीशी संबंधित भाग 'इंडिया कम्प्लायन्स' या वेगळ्या अ‍ॅपमध्ये. जीएसटीचे नियम जीएसटी परिषदेच्या निर्णयांनुसार बदलतात, ईआरपीच्या आवृत्त्यांची वाट पाहून नाही. त्यामुळे ते गाभ्यात ठेवले तर एकतर कायदा अडतो किंवा गाभा घाईत सोडावा लागतो.

आपल्या उदाहरणात हीच कसोटी लावली तर दूध नोंद आणि उत्पादकाचं खातं गाभ्यात राहतं. मशीनशी जोडणी करून देणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे अ‍ॅडॉप्टर, बँकेच्या फाइलचे नमुने आणि रिपोर्ट कडेला जातात. दरपत्रक मात्र विचार करायला लावतं. ते संघाच्या वेळापत्रकाने बदलतं, म्हणून ते कडेला हवं. पण त्यावर पैशाचा हिशोब उभा आहे, म्हणून कुणीही लिहिलेला कोड तिथे चालवू देणं धोक्याचं. इथे मी कोड घेणार नाही, डेटा घेईन: फॅट आणि एसएनएफच्या जोडीला दर, सोबत लागू होण्याची तारीख आणि सकाळ की संध्याकाळ. संघ पत्रक देईल, हिशोब गाभा करेल. शिवाय दर मागच्या तारखेपासून बदलले तर काय, हेही आत्ताच ठरवा. बिल झालेलं नसेल तर पुन्हा हिशोब, झालेलं असेल तर फरकाची वेगळी नोंद. जुनं बिल कधीही बदलायचं नाही. हा निर्णय पुढे ढकललात तर प्रत्येक डीलर आपापल्या पद्धतीने तो घेईल आणि मग तो परत गोळा करता येणार नाही.

पायरी ३: करार असा लिहा की वाद उरू नये

करारात फंक्शनची नावं आणि रकान्यांची यादी असते, पण भांडणं त्यावरून होत नाहीत. ती होतात परिमाणांवरून, गोलाईवरून आणि चुकांच्या वेळच्या वागण्यावरून. म्हणून पुढचे प्रश्न कागदावर सोडवा:

– दूध लिटरमध्ये की किलोत? रूपांतराचा गुणक कुठून घ्यायचा?
– फॅट किती दशांशांपर्यंत? पुढचा अंक सोडायचा की जवळच्या अंकात बसवायचा?
– तीच नोंद दोनदा आली तर? वीज जाऊन आल्यावर मशीन जुनं वाचन पुन्हा पाठवू शकतं.
– इंटरनेट दोन दिवस बंद राहिलं तर नोंदी कोणत्या क्रमाने येतील, आणि क्रमाची हमी आहे का?
– मूल्य मिळालंच नाही तर शून्य लिहायचं की रिकामं ठेवायचं? शून्य फॅट आणि न मोजलेलं फॅट यांत उत्पादकाच्या पैशाचा फरक आहे.

पहिल्या पायरीत रंगवून ठेवलेल्या अलिखित सवयींचं काय? प्रत्येकीवर दोनच निर्णय शक्य आहेत. एकतर ती करारात घ्या आणि यापुढे जपा, नाहीतर ती जाणार असल्याची तारीख जाहीर करा. अधांतरी ठेवू नका.

मग आवृत्तीचा नियम. तीन आकड्यांची सिमँटिक व्हर्जनिंगची पद्धत पुरेशी आहे: सुसंगतता मोडली तर पहिला आकडा, सुसंगत नवी सोय आली तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. जुनं काढून टाकण्याच्या बाबतीत जँगो या वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कचं धोरण मला अनुकरणीय वाटतं. तिथे साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते, जाणारी गोष्ट आधी इशारा देऊ लागते, आणि कोणत्या आवृत्तीत ती नाहीशी होणार हे त्या इशाऱ्याच्या नावातच लिहिलेलं असतं. प्लगइन लिहिणाऱ्याला वेगळी घोषणा शोधत बसावं लागत नाही, त्याच्या स्वतःच्या चाचण्याच ती त्याला सांगतात. तुमचंही वेळापत्रक असंच यंत्राला वाचता येईल असं ठेवा. एपीआयच्या उत्तरात इशारा द्या, फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती लिहा.

प्लगइनचं भांडार चालवणार असाल तर मागे घेण्याचा नियमही याच करारात येतो. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभर कितीतरी प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बांधण्याचं काम) कोसळले. त्यानंतर एनपीएमने २४ तास उलटलेलं पॅकेज सहजासहजी काढता येणार नाही असा नियम केला. लेखकाचा हक्क आणि त्यावर विसंबलेल्यांची सोय यांतला तोल कुठे धरायचा, हे भांडण व्हायच्या आधी ठरवलेलं बरं.

पायरी ४: तिन्ही भागांसाठी पद्धत वेगळी बेता

पद्धत परिस्थितीनुसार बेतणं ही पळवाट नाही. सॉफ्टवेअर प्रक्रियांच्या १२२०७ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी स्वतंत्र प्रक्रियाच दिली आहे. बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ मध्ये पाच गोष्टी तपासायला सांगितल्या: टीमचा आकार, चूक किती महागात पडते, गरजा किती वेगाने बदलतात, माणसं किती अनुभवी आहेत, आणि टीमला मोकळीक आवडते की शिस्त. मी या पाच प्रश्नांचा वापर एका बदलासह करायला सांगेन: उत्तरं अख्ख्या प्रकल्पासाठी न देता गाभा, करार आणि कडा यांसाठी वेगवेगळी द्या. टीम तीच असूनही उत्तरं किती वेगळी येतात ते पाहा.

असं प्रत्यक्षात चालतं का? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नल, डोळ्यांसमोर आहे. तिथे यूजरस्पेस (कर्नलच्या वर चालणारे प्रोग्रॅम) मोडायचं नाही हा नियम कडक आहे; वरचा प्रोग्रॅम आज चालत असेल तर उद्याच्या कर्नलवरही चालला पाहिजे. आतल्या इंटरफेसना मात्र स्थैर्याची हमी नाही, ते कधीही बदलतात. फक्त जो बदलतो त्यानेच कर्नलच्या मुख्य कोडमधली, त्या इंटरफेसवर उभी असलेली सगळी ठिकाणं दुरुस्त करून द्यायची. म्हणजे बदलाची किंमत बदलणाऱ्याच्याच पदरात पडते, म्हणून तिथे मोकळीक परवडते. या सगळ्याला ९–१० आठवड्यांचं चक्र: पहिले दोन आठवडे नवे बदल घ्यायचे, पुढे दर आठवड्याला चाचणी आवृत्ती आणि फक्त दुरुस्त्या.

आपल्या टीमसाठी मी असं बेतेन.

कडेला कानबान, म्हणजे फळ्यावर कामं मांडून एकेक पूर्ण करण्याची पद्धत. बँकेने फाइलचा नमुना बदलला तर स्प्रिंट (कामाची ठरलेल्या मुदतीची फेरी) संपायची वाट पाहण्यात अर्थ नाही. एक फळा, एका वेळी प्रत्येकी एकच काम, एकाची तपासणी, आणि बिलाचे दिवस सोडून कधीही सोडायची मुभा. अंदाजाच्या बैठका इथे बंद. परत मागे घेण्याचं बटण मात्र हवंच.

गाभ्यात दोन आठवड्यांचे स्प्रिंट, मागे वळून पाहण्याची बैठक, जोडीने कोड लिहिणं हिशोबाच्या भागात सक्तीचं आणि बाकी ऐच्छिक. स्क्रममधलं काही घेतलं आणि काही सोडलं तर त्याला स्क्रम म्हणता येत नाही, असं स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच लिहिलं आहे. म्हणून नावाचा आग्रह सोडा, घेतलेल्या गोष्टी नीट करा.

करारासाठी सर्वांत जड. बदलायचं असेल तर एक पानी प्रस्ताव: काय बदलतंय, शीटमधल्या कोणकोणत्या ओळींना धक्का लागतोय, जुनं किती काळ चालू राहील. तो अवलंबून असलेल्यांना पाठवायचा, आठवडाभर थांबायचं, दोघांनी मंजूर करायचं, त्यांतला एक सपोर्टमधला. सपोर्टच्या माणसाला मताधिकार देणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तुटल्यावर पहिला फोन त्यालाच येतो आणि कोणता डीलर सूचना वाचत नाही हे त्यालाच माहीत असतं.

पायरी ५: प्रत्येक सवयीला कारण विचारा आणि लिहून ठेवा

वरचं जसंच्या तसं उचलू नका. तुम्ही आत्ता जे काही करता, रोजची उभी बैठक, कोड तपासणी, गुणांचे अंदाज, डेमो, त्या प्रत्येकापुढे लिहा: हे कोणता धोका टाळतं? उत्तर सापडलं नाही तर एक महिना थांबवून बघा. उत्तर सापडलं पण तो धोका फक्त करारात असेल तर ती सवय तेवढ्यापुरती ठेवा. सगळं मिळून दोन पानांचा कागद होतो. प्रत्येक ओळीला कारण आणि पुन्हा पाहण्याची तारीख असावी. नवा माणूस आल्यावर हाच कागद त्याच्या हातात द्या, म्हणजे 'इथे असंच चालतं' हे वाक्य टीममध्ये ऐकू येणार नाही.

चार गोष्टी कोणत्याही भागात वगळू नका: आवृत्ती नियंत्रण, कराराच्या स्वयंचलित चाचण्या, दुसऱ्या माणसाची नजर, आणि मागे जाण्याची वाट. वेळ नाही म्हणून सर्वांत आधी यांनाच कात्री लागते.

पायरी ६: बाहेरच्यांना पद्धतीत जागा द्या

इकोसिस्टीमसाठी बेतलेली पद्धत टीमच्या दारापाशी संपत नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरची (कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाची) टीम क्रेटर नावाच्या साधनाने लोकांनी लिहिलेली सार्वजनिक पॅकेजेस नव्या कंपायलरवर बांधून बघते, आणि आपण काय मोडणार आहोत हे सोडण्याआधीच तिला कळतं. लहान टीमला याचं छोटं रूप सहज जमतं. डीलरांकडून त्यांचे अ‍ॅडॉप्टर आणि खऱ्या फाइलींचे नमुने, नावं आणि खाते क्रमांक पुसून, मागून घ्या आणि रात्रीच्या चाचण्यांत घाला. दुसऱ्या बाजूने त्यांना एक चाचणी संच द्या: खोटं मशीन, जे सीरियल पोर्टवर वाचनं पाठवतं, दोनदाही पाठवतं, अर्धवटही पाठवतं. खऱ्या मशीनशिवाय घरी बसून अ‍ॅडॉप्टर लिहिता आला तर लिहिणारे वाढतात.

पैशाबद्दलही स्पष्ट बोला. डीलरने बनवलेला रिपोर्ट चांगला चालतो आहे हे बघून तुम्ही तोच पुढच्या आवृत्तीत फुकट दिलात, तर त्या दिवसापासून कुणीही तुमच्यावर काही उभं करणार नाही. कोणती क्षेत्रं आम्ही स्वतः करणार, कोणती कधीच करणार नाही, आणि मधल्या एखाद्या क्षेत्रात शिरायचं ठरलं तर किती महिने आधी सांगू व त्याचं काम विकत घेण्याचा प्रस्ताव आधी देऊ का, हे कराराइतक्याच गांभीर्याने लिहून प्रसिद्ध करा.

पायरी ७: मोजा थोडं, पण योग्य ते

स्प्रिंटचा वेग इथे फारसं काही सांगत नाही. चार आकडे ठेवा: तुटलेल्या गोष्टींपैकी किती तुमच्या चाचण्यांना आधी दिसल्या आणि किती बाहेरून फोनवर कळल्या, जुन्या करारावर अजून किती जण आहेत, इशारा दिल्यापासून शेवटचा माणूस हलेपर्यंत किती दिवस गेले, आणि नव्या माणसाला पहिला चालणारा अ‍ॅडॉप्टर लिहायला किती वेळ लागला. शेवटचा आकडा वाढत असेल तर करार फुगतो आहे असं समजा.

सुरुवात सोमवारी करायची असेल तर क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त पहिल्या पायरीची शीट, सपोर्टच्या माणसाला शेजारी बसवून. दुसऱ्या आठवड्यात सर्वाधिक वापरला जाणारा एकच फाइल नमुना निवडून त्याचा करार लिहा आणि त्याच्या चाचण्या बांधा. तिसऱ्यात तो दोन डीलरांना वाचायला द्या आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न करारातच उत्तर म्हणून घाला. पद्धतीचा दोन पानी कागद चौथ्या आठवड्यात लिहा, त्याआधी नको. तोवर कुठे हलकं चालतं आणि कुठे जड लागतं, हे टीमला स्वतःच्या कामातून दिसू लागलेलं असेल.